डिझेल गाडीचं ऑइल कधी बदलायचं? किलोमीटरइतकंच काडीकडे बघा

सर्व्हिसिंग होऊन जेमतेम साडेचार हजार किलोमीटर झाले होते. सकाळी बॉनेट उघडून ऑइलची काडी काढली, पुसली, पुन्हा घालून काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर चढलेलं. सर्व्हिसिंगच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः पाहिलं होतं, तेव्हा ते त्याच खुणेच्या किंचित खाली होतं. इंजिन ऑइल पितं हे ऐकून होतो. ऑइल पैदा करतं हे मात्र पहिल्यांदाच बघत होतो.

थेंब दोन बोटांत चोळला, वास घेतला. डिझेल! चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, ऑइलच्या जोडीला डिझेल साठत होतं आणि डॅशबोर्ड निवांतपणे सांगत होता की पुढच्या सर्व्हिसिंगला अजून साडेपाच हजार किलोमीटर आहेत.

तेव्हापासून "ऑइल किती किलोमीटरला बदलू?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, गाडी चालवता कुठे आणि कशी? ज्या डिझेल गाडीला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर बसवलेला आहे, तिच्यात एकच ऑइल एका मालकाकडे १५,००० किलोमीटर सुखाने चालतं आणि दुसऱ्याकडे ६,००० मध्येच संपतं. गाडी तीच, ऑइलचा डबाही तोच. हा फरक कुठून येतो ते कळलं की आपल्या गाडीचा आकडा आपल्यालाच काढता येतो.

कंपनीचा आकडा

आधी मॅन्युअल उघडा. बहुतेक डिझेल गाड्यांसाठी १०,००० ते २०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं. काही युरोपीय गाड्यांत 'लाँगलाइफ' पद्धत आहे. फोक्सवॅगनच्या अशा वेळापत्रकात ऑइल ३०,००० किलोमीटर किंवा २ वर्षांपर्यंत चालू शकतं. त्याच कंपनीचं ठरावीक वेळापत्रक मात्र १५,००० किलोमीटर किंवा १ वर्षाचं असतं. एकाच इंजिनासाठी दुप्पट अंतराचे दोन आकडे, यातच सगळं आलं.

त्याच मॅन्युअलमध्ये दोन-चार पानं पुढे आणखी एक तक्ता असतो आणि तो सहसा कुणी वाचत नाही. त्याचं नाव 'कठीण परिस्थितीतला वापर' किंवा तसंच काहीतरी. त्यात काय येतं? वारंवार छोट्या फेऱ्या, गर्दीतलं थांबत-थांबत चालवणं, इंजिन चालू ठेवून बराच वेळ उभं राहणं, धुळीचे रस्ते, ट्रेलर ओढणं, कडाक्याची थंडी किंवा प्रचंड उष्णता. अशा वापरासाठी अंतर बऱ्याचदा निम्म्यावर आणलेलं असतं. आपला वापर 'सामान्य' आहे असं प्रत्येकाला वाटतं. ती यादी वाचली की शहरात गाडी चालवणारे बहुतेक जण या दुसऱ्या तक्त्यात जाऊन बसतात.

ऑइल खराब होतं म्हणजे काय होतं

डिझेलचं नवं ऑइल काहीशे किलोमीटरांत काळं पडतं. त्याने घाबरू नका. जळताना तयार होणारी काजळी ऑइलमध्ये मिसळते आणि ती गाठी न होऊ देता तरंगत ठेवणं हे ऑइलमधल्या रसायनांचं कामच आहे. नव्या इंजिनांत ईजीआर असतो. तो धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवतो, त्यामुळे काजळीचं प्रमाण आणखी वाढतं. तेव्हा 'काळं झालं, बदला' हा सल्ला डिझेलला लागू नाही, आणि 'अजून फारसं काळं नाही, चालेल' हाही नाही. काळेपणावरून डिझेलच्या ऑइलचं काहीच कळत नाही.

दुसरी झीज उष्णतेची. टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तो तरंगतो ऑइलच्या पातळ थरावर. तिथल्या तापमानाला ऑइल हळूहळू ऑक्सिडाइज होतं, घट्ट होतं, आम्ल तयार होतं. ते आम्ल मारणारा क्षार ऑइलमध्ये घातलेला असतो. तो वापरात संपत जातो.

या दोन्ही गोष्टी जुन्या डिझेल गाड्यांतही होत्या. नवा शत्रू तिसरा आहे, आणि आधुनिक डिझेलचं ऑइल खरं तर त्याच्यामुळे लवकर संपतं.

डीपीएफमध्ये काजळी भरली की ती जाळावी लागते. याला रिजनरेशन म्हणतात. काजळी जळण्यासाठी फिल्टरपाशी साधारण ६०० अंश सेल्सियस तापमान लागतं आणि नेहमीच्या चालवण्यात धूर तेवढा गरम नसतो. म्हणून इंजिनाचा कॉम्प्युटर एक युक्ती करतो. मुख्य ज्वलन झाल्यावर, पिस्टन खाली जात असताना, तो सिलिंडरमध्ये थोडं जास्तीचं डिझेल सोडतो. ते तिथे न जळता धुराबरोबर पुढे जातं, फिल्टरच्या आधीच्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिस्टमध्ये जळतं आणि फिल्टर तापवतं. गोची अशी, की त्या वेळी पिस्टन खाली असल्यामुळे सिलिंडरची भिंत उघडी असते. त्या डिझेलचा काही अंश भिंतीला चिकटतो, पिस्टनच्या रिंगा तो खरवडून खाली नेतात आणि तो चेंबरमध्ये पोहोचतो.

पेट्रोल असतं तर ऑइल तापल्यावर बरंचसं उडून गेलं असतं. डिझेल उकळायलाच १८० अंशांच्या आसपास सुरुवात होते आणि ते ३५० अंशांच्या पुढेपर्यंत चालतं. चेंबरमधलं ऑइल सहसा १०० अंशांच्या आसपास असतं. त्यामुळे गेलेलं डिझेल तिथेच मुक्काम ठोकतं. डिझेलमध्ये बायोडिझेल मिसळलेलं असेल तर ते आणखी हट्टी, कारण त्याचा उत्कलनबिंदू ३०० अंशांच्या वर आहे. युरोपच्या मानकानुसार पंपावरच्या साध्या डिझेलमध्ये ते ७ टक्क्यांपर्यंत चालतं.

आता छोट्या फेऱ्यांचं गणित बघा. रिजनरेशन पूर्ण व्हायला साधारण १० ते २० मिनिटं सलग चालवणं लागतं. तुम्ही मध्येच गाडी बंद केली, की काम अर्धवट राहतं. पुढच्या फेरीत ते पुन्हा सुरू होतं, पुन्हा जास्तीचं डिझेल, पुन्हा बंद. फिल्टर रिकामा होत नाही आणि चेंबर मात्र भरत जातं. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं होतं.

ज्या इंजिनांत या कामासाठी सायलेन्सरच्या पाइपवरच वेगळा इंजेक्टर बसवलेला असतो, त्यांना हा त्रास बराच कमी. तुमच्या गाडीत तो आहे का, हे मेकॅनिकला विचारून ठेवा.

आकडा काढायचा कसा

पहिली पायरी: तास मोजा. ट्रॅक्टर आणि जनरेटरवाले ऑइल तासांवर बदलतात, बऱ्याच यंत्रांत दर २५० तासांनी. कारच्या मालकाला तास दिसत नाहीत, पण सरासरी वेग दिसतो. ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि महिनाभर गाडी नेहमीसारखी चालवा. महिन्याअखेरीस जो सरासरी वेग दिसेल त्याला २५० ने गुणा.

ताशी ६५ आला, तर २५० तास म्हणजे १६,२५० किलोमीटर. ताशी ४० आला, तर १०,०००. ताशी २५ आला, तर फक्त ६,२५०. माझी त्या वेळची सरासरी होती १९. साडेचार हजार किलोमीटर म्हणजे जवळपास २३७ तास. डॅशबोर्डच्या हिशोबाने ऑइल अर्धंही वापरलं गेलं नव्हतं. तासांच्या हिशोबाने ते संपत आलं होतं.

२५० ही काळ्या दगडावरची रेघ नाही. कारमधलं चांगलं सिंथेटिक ऑइल हमरस्त्यावर ३०० तासही आरामात काढेल. पण शहरातल्या वापराला मी २५० च धरतो.

दुसरी पायरी: काडी. ऑइल बदलल्यानंतर लगेच पातळी बघून तिचा फोटो काढून ठेवा. मग दर हजार किलोमीटरला पुन्हा बघा. गाडी सपाट जागी, इंजिन गरम करून बंद केलेलं आणि मध्ये ५ ते १० मिनिटं गेलेली. दर वेळी परिस्थिती हीच ठेवा, नाहीतर तुलनेला अर्थ उरत नाही. काही गाड्यांत काडीच नसते, पातळी स्क्रीनवर दिसते. ती कधी आणि कशी मोजायची ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

बहुतेक कारमध्ये खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो. चेंबरमध्ये ५ लिटर ऑइल असेल आणि त्यात ५ टक्के डिझेल गेलं, तर ते झालं २५० मिलिलिटर, म्हणजे काडीवर दोन खुणांमधल्या अंतराचा चौथा हिस्सा. एवढ्या डिझेलने ऑइलचा दाटपणा चांगलाच उतरतो. पातळी इतकी चढलेली दिसली की किलोमीटर कितीही झालेले असोत, मी ऑइल बदलतो. माझदाच्या स्कायअॅक्टिव्ह-डी इंजिनांच्या काडीवर तर कमाल खुणेच्याही वर 'एक्स' अशी वेगळी खूण असते. पातळी तिथे पोहोचली की ऑइल बदला, असं खुद्द कंपनीच सांगते.

यात एक चकवा आहे. इंजिन थोडं ऑइल जाळतही असतं. २०० मिलिलिटर ऑइल जळलं आणि २०० मिलिलिटर डिझेल आत आलं, तर काडीवर पातळी जिथल्या तिथे! 'माझी गाडी ऑइलला थेंबभरही हात लावत नाही' असं सांगणारा छोट्या फेऱ्यांचा डिझेलवाला भेटला, की मला हेच आठवतं. म्हणून काडी वर चढली तर तिचं ऐका, पण ती स्थिर आहे म्हणून तासांचा हिशोब सोडू नका.

तिसरी पायरी: कॅलेंडर. गाडी फारशी चालतच नसेल तरी वर्षातून एकदा ऑइल बदला. इंजिनातलं पाणी ९० अंशांवर लवकर पोहोचतं, ऑइलला तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्यांत ते कधी पुरतं तापतच नाही, त्यामुळे त्यातली वाफही बाहेर पडत नाही.

आता या तिन्हींत जे आधी येईल ते तुमचं अंतर. माझ्या अंदाजाने ते साधारण असं बसेल: रोजचा लांब, सलग प्रवास असेल तर १५,००० किलोमीटर किंवा वर्ष. मिश्र वापर असेल तर १०,०००. शहरातल्या छोट्या फेऱ्या असतील तर ६,००० ते ७,५०० किंवा सहा-आठ महिने. ३०,००० किलोमीटरचं लाँगलाइफ वेळापत्रक भाड्याने घेतलेल्या, तीन वर्षांत परत द्यायच्या गाडीला ठीक. गाडी दहा वर्षं ठेवायची असेल तर मी त्या वाटेला जाणार नाही. वॉरंटी चालू असताना कंपनीच्या अंतरापेक्षा उशीर मात्र करू नका. लवकर बदलायला कुणाची ना नसते. बिल जपून ठेवा, त्यावर ऑइलचा प्रकार लिहून घ्या.

आणखी दोन प्रसंगी अंतर न बघता ऑइल बदला. वर्कशॉपमध्ये उभ्या गाडीत मशिन लावून सक्तीचं रिजनरेशन केलं असेल, तर त्यानंतर लगेच. आणि इंजेक्टर गळका निघून बदलला असेल, तेव्हाही. दोन्ही वेळा चेंबरमध्ये किती डिझेल गेलं असेल त्याचा भरवसा नाही.

डॅशबोर्डवर किती विसंबायचं

'ऑइल लाइफ' दाखवणाऱ्या बहुतेक यंत्रणा ऑइलची परीक्षा करत नाहीत. इंजिन किती वेळा सुरू झालं, किती फेरे झाले, तापमान काय होतं, रिजनरेशन किती झाली, यांवरून त्या अंदाज बांधतात. अंदाज बऱ्यापैकी असतो. ज्या गाडीत तो कधीकधी छापील आकड्याच्या आधीच 'बदला' म्हणतो, तिथे तो मानाच. पण काही गाड्यांत डॅशबोर्ड फक्त किलोमीटर आणि दिवस मोजतो. ओळखायची खूण सोपी: उरलेला आकडा तुम्ही चालवलेल्या किलोमीटरइतकाच काटेकोर कमी होत असेल, तर ते साधं काउंटर आहे.

ऑइल कोणतं

डीपीएफ काजळी जाळतो, पण राख त्याला जाळता येत नाही, आणि ती राख येते मुख्यतः ऑइलमधल्या धातूयुक्त रसायनांतून. ती फिल्टरमध्ये कायमची बसते. म्हणून डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं, म्हणजे 'लो सॅप्स' ऑइल लागतं. डब्यावर एसीईएचा, म्हणजे युरोपातल्या वाहन उत्पादकांच्या संघटनेचा, 'सी' गट शोधा: सी२, सी३, सी५ वगैरे. 'ए३/बी४' लिहिलेलं ऑइल कितीही महागाचं असो, ते या गाडीसाठी नाही.

त्यापुढे कंपनीचा स्वतःचा मंजुरी क्रमांक बघायचा: फोक्सवॅगनचा ५०७.००, मर्सिडीजचा २२९.५१ किंवा २२९.५२, बीएमडब्ल्यूचा लाँगलाइफ-०४, असे. मॅन्युअलमध्ये दिलेला क्रमांक डब्याच्या मागच्या बाजूला जसाच्या तसा छापलेला हवा. ५डब्ल्यू-३० हा फक्त दाटपणा झाला. तेवढं जुळलं म्हणजे ऑइल जुळलं असं होत नाही. 'गाडी जुनी झाली, आता जाड ऑइल टाकू' हा सल्लाही दूरच ठेवा.

काही नव्या डिझेल इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच भिजत फिरतो. तिथे चुकीचं किंवा डिझेल मिसळलेलं ऑइल त्या रबराला खातं, त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि इंजिनाचं ऑइल प्रेशर पडतं. तुमच्या गाडीत असा बेल्ट असेल तर वर दिलेल्या अंतरांत पळवाटा शोधू नका.

स्वतः बदलताना

इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून कोमट करा. रिजनरेशन चालू असताना किंवा ते नुकतंच संपल्यावर गाडीखाली शिरू नका. डीपीएफ त्या वेळी अंगारासारखा असतो. गाडी रॅम्पवर किंवा स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, हा विषय चर्चेचा नाही.

ऑइल भरायचं झाकण उघडा. फिल्टर इंजिनाच्या वरच्या बाजूला कॅपमध्ये असेल, तर ती कॅप आधी सैल करा, म्हणजे फिल्टरमधलं जुनं ऑइल खाली उतरतं. हातमोजे घाला, वापरलेलं ऑइल कातडीला चांगलं नाही. मग चेंबरचा ड्रेन बोल्ट उघडा आणि किमान १५ मिनिटं ऑइल निथळू द्या. बोल्टचा वायसर दर वेळी नवा. बोल्ट पुन्हा लावताना आधी हाताने फिरवा, मग टॉर्क पान्याने मॅन्युअलमध्ये दिला असेल तेवढाच आवळा. चेंबर बऱ्याचदा ॲल्युमिनियमचं असतं आणि आटे गेले की ऑइल बदलण्याचं काम चेंबर बदलण्याचं होऊन बसतं. फिल्टर दर वेळी नवा, आणि त्याच्याबरोबर आलेली रबरी रिंगही ऑइलचं बोट लावून बदलायची. जुनी रिंग खोबणीत चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली, की ऑइलची धार लागते.

मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा अर्धा लिटर कमी भरा. इंजिन एक मिनिट नुसतं चालू ठेवा, एक्सिलरेटर दाबू नका. टर्बोपर्यंत ऑइल पोहोचू द्या. बंद करा, दहा मिनिटं थांबा, काडी बघा आणि थोडं थोडं घालत पातळी दोन खुणांच्या मध्याच्या किंचित वर आणा. काठोकाठ भरू नका. डीपीएफच्या गाडीत पातळी पुढे स्वतःहून चढू शकते, तिला जागा हवी. प्रमाणाबाहेर चढलेलं ऑइल ब्रेदरमधून, म्हणजे चेंबरमधली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून, हवेच्या पाइपात खेचलं जाऊ शकतं, आणि डिझेल इंजिन ऑइलवरही चालतं. मग चावी फिरवूनही ते बंद होत नाही, आवाज चढतच जातो. गिअरची गाडी असेल तर ब्रेक दाबून, वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून ते गुदमरवता येतं. ऑटोमॅटिकमध्ये हवा तोडल्याशिवाय इलाज नाही.

शेवटी सर्व्हिसचं काउंटर रीसेट करा. गॅरेजमध्ये काम केलंत तर ते केलंय का ते विचारा. ऑइल न बदलता नुसतं काउंटर रीसेट केल्याचे प्रकारही मी पाहिलेत, त्यामुळे घरी आल्यावर काडीही बघा.

जुन्या मालकाने दुर्लक्षित ठेवलेली गाडी घेतली असेल, तर इंजिन आतून धुणाऱ्या फ्लशिंगच्या बाटल्यांच्या नादी लागू नका. सुटलेला गाळ एकदम जाळीत जाऊन बसण्याची भीती असते. त्यापेक्षा योग्य ऑइल टाकून पहिले दोन बदल ३,०००-३,००० किलोमीटरला करा. सफाईचं काम ऑइलच हळूहळू करतं.

डिझेल कमी मिसळावं म्हणून

रिजनरेशन चालू आहे हे बहुतेक गाड्या सांगत नाहीत, पण ते कळतं. उभ्या गाडीत आयडलिंग थोडं वाढलेलं, स्टार्ट-स्टॉप काम करेनासं झालेलं, मायलेजचा आकडा अचानक पडलेला, गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरतोय आणि जळकट वास येतोय. यांतलं काही जाणवलं आणि शक्य असेल, तर आणखी पंधरा मिनिटं एका लयीत गाडी चालवा आणि मगच बंद करा. आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर गाडी नेलीत, तर ऑइल आणि डीपीएफ दोघांनाही मानवतं.

आपला आकडा बरोबर आहे का याची खातरजमा करायची असेल, तर ऑइल बदलताना धार चालू असतानाच मधला थोडा नमुना स्वच्छ बाटलीत घ्या आणि ऑइल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत द्या. अहवालात डिझेलचं प्रमाण, दाटपणा, काजळी आणि धातूंचे कण मिळतात. लोखंड वाढलेलं दिसलं तर झीज, सिलिकॉन म्हणजे बहुधा हवेच्या फिल्टरमधून शिरलेली धूळ, सोडियम किंवा पोटॅशियम म्हणजे कूलंट ऑइलमध्ये येत असल्याची शंका. लागोपाठ दोन अहवाल चांगले आले, तर अंतर हजार-दोन हजारांनी वाढवून बघायला हरकत नाही.

मी आता ६,००० ला बदलतो. काढलेलं ऑइल नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यात भरून, त्यात कूलंट किंवा दुसरं काही न मिसळता, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला देतो. मागच्या खेपेला काडी बदलाच्या दिवशी मध्याच्या थोडी वर होती. सहा हजार किलोमीटरनंतर ती वरच्या खुणेच्या आतच होती.